नोकरी करणारी आई आणि घरच्यांची साथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्यांची साथ म्हणजे नेमकं काय? कौतुक करणं पुरेसं नाही का?

कौतुक हवंच, पण त्याने भांडी घासली जात नाहीत. समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये माणसाला मिळणाऱ्या आधाराचे चार प्रकार मांडले होते: मायेचा आधार, प्रत्यक्ष हातभार, उपयोगी माहिती आणि आपण करतोय ते कसं चाललंय याची प्रामाणिक पावती. बहुतेक घरांत यातला एखादाच प्रकार मिळतो. कुठे नवरा शब्दांनी खूप जपतो, पण संध्याकाळी हलत नाही. कुठे सासूबाई दिवसभर राबतात, पण 'एवढी धावपळ करायची तर नोकरी कशाला' हे वाक्य रोज ऐकवतात. दोन्ही घरांत माणसं मनाने वाईट नाहीत, तरी आई थकलेलीच राहते.

या चारांत मी आणखी एक गोष्ट धरते, ती म्हणजे कामाची मालकी. एखादं काम घरातल्या दुसऱ्या कोणी पूर्णपणे आपलं मानलं, की त्या कामापुरती आई खरोखर मोकळी होते. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच मुद्दा वेगवेगळ्या बाजूंनी येईल.

नवरा म्हणतो, 'तू सांग, मी करतो.' मग तरीही बायको चिडते ती का?

कारण सांगणं हेही कामच आहे, आणि ते तिच्याकडेच राहिलं.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातल्या या न दिसणाऱ्या बौद्धिक कामाचे चार टप्पे सांगितले आहेत. पुढे काय लागणार आहे हे आधी ओळखणं, त्यासाठीचे पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ठरलेलं पार पडतंय का यावर नजर ठेवणं. त्यांनी ज्या जोडप्यांशी बोलून हा अभ्यास केला, त्यांच्यात निर्णय घेण्याच्या टप्प्यावर नवरे बऱ्यापैकी हजर होते. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र जास्त करून बायकांच्या वाट्याला आला होता. निर्णय घेताना माणूस दिसतो, त्याच्या मताला वजन असतं. आधीची आठवण आणि नंतरची देखरेख कोणाला दिसत नाही.

बाळाच्या लसीचंच पाहा. 'लस देऊन आण' असं सांगितल्यावर नवरा बाळाला घेऊन गेला, तर त्याने मदत केली हे खरंच. पण लस कधी आहे हे लक्षात ठेवणं, दवाखान्याची वेळ घेणं, त्या दिवशी कामावरून कोण लवकर निघणार हे ठरवणं, लसीकरणाचं कार्ड शोधून पिशवीत ठेवणं, रात्री ताप येईल म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं औषध घरात आहे का पाहणं आणि पुढची तारीख लिहून ठेवणं हे सगळं बायकोनेच केलं असेल, तर त्याने एका मोठ्या कामातला एक तुकडा केला. लस हा विषयच त्याने घ्यावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यानंतर तिला तारीख माहीत नसली तरी चालायला हवं.

घरात कामं वाटताना म्हणूनच सुटे तुकडे वाटू नका, विषय वाटा. कपडे हा एक विषय: धुणं, वाळवणं, घड्या घालणं, लहान झालेले बाजूला काढणं, नवे आणणं. शाळा, दवाखाना, किराणा, बिलं हेही तसेच विषय. ज्याच्याकडे विषय, त्याच्याकडे त्याची आठवणही.

घरकामाचा एवढा मोठा फरक खरंच असतो का?

असतो, आणि तो मोजलेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ च्या अहवालात ६४ देशांतल्या वेळेच्या नोंदी एकत्र केल्या. घरकाम आणि माणसांची काळजी घेण्याचं बिनपगारी काम बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं करतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. अशा एकूण कामापैकी ७६.२ टक्के काम बायकांचं. पगारी नोकरीचे तास यात धरलेलेच नाहीत.

वेळेचं नीट नियोजन केलं तर आई स्वतःच सगळं सांभाळू शकणार नाही का?

नियोजनाने वेळेची ओढाताण थोडी कमी होते, पण ओढाताण काही फक्त वेळेची नसते. ग्रीनहाउस आणि ब्युटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये नोकरी आणि घर यांच्यातल्या संघर्षाची तीन रूपं दाखवली. पहिलं वेळेचं: एकाच वेळी दोन ठिकाणी असता येत नाही. दुसरं ताणाचं: ऑफिसातला थकवा आणि चिडचिड घरी येते, आजारी मुलाची काळजी ऑफिसात सोबत बसते. तिसरं वागण्याचं: कामावर जो कडक, नेमका स्वभाव लागतो, तो चार वर्षांच्या मुलासमोर उपयोगाचा नसतो.

वेळापत्रक पहिल्या रूपावर उपाय आहे. दुसऱ्यावर उपाय माणसांचाच. बैठकीत असताना मुलगी खोकतेय का, हा विचार डोक्यातून जायचा असेल, तर तिच्याजवळ कोणीतरी भरवशाचं असायला लागतं आणि त्या माणसाने निर्णय स्वतः घ्यायला लागतात. तिसऱ्यासाठी फार साधी गोष्ट पुरते: घरात शिरल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं कोणी काही विचारू नये. हात-पाय धुवून, जरा बसून मग तिने मुलाला जवळ घ्यावं. बाहेरून आलेल्या पुरुषाला ही मिनिटं न मागता मिळतात. तिलाही तशीच मिळावीत.

प्रसूती रजा संपतेय. घरच्यांनी काय तयारी करावी?

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायला सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात रजेची किमान मर्यादा १४ आठवडे आहे, म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने. काही ठिकाणी रजा याहून जास्त मिळते, काही ठिकाणी कमी. रजा सहा महिन्यांआधी संपणार असेल, तर मधला काळ कसा काढायचा हा प्रश्न घराने मिळून सोडवायचा आहे. त्याच करारात कामाच्या वेळेत स्तनपानासाठी विश्रांती किंवा कमी तास देण्याची तरतूद आहे. आपल्याकडे तसा नियम आहे का, हे नवऱ्याने किंवा बहिणीने शोधून दिलं तर तोही हातभारच.

काढून ठेवलेलं दूध हाताळायला घरातल्या प्रत्येकाला आलं पाहिजे. ताजं काढलेलं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चार तास राहतं. उकाडा जास्त असेल तर तेवढा वेळही धरू नका. फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. गोठलेलं दूध फ्रीजमध्ये वितळवलं की २४ तासांत वापरायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने पिऊन उरलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, कारण दूध एकसारखं तापत नाही आणि बाळाचं तोंड भाजू शकतं. बाटली कोमट पाण्यात धरली की पुरतं. प्रत्येक बाटलीवर तारीख लिहा. हे सगळं आईने एकदा सांगावं आणि दुसऱ्याने कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावावं, म्हणजे ऑफिसात फोन करून विचारायची वेळ येत नाही.

रजा संपायच्या पंधरा दिवस आधीपासून सराव सुरू करा. जो दिवसा बाळाला सांभाळणार आहे त्यानेच सांभाळायचं, आईने दोन-तीन तास घराबाहेर राहायचं. बाळ रडेल. सांभाळणारा गडबडेल, मग त्याला जमायला लागेल. हे तिच्या कामाच्या पहिल्या दिवशी घडण्यापेक्षा आधी घडलेलं बरं.

आणि रात्र. अंगावर पाजायला आई उठली तरी लंगोट बदलणं, ढेकर काढणं, पुन्हा झोपवणं दुसरा माणूस करू शकतो. सकाळी नोकरीवर दोघांनाही जायचंय.

बाळंतपणानंतर ती गप्प-गप्प असते, सारखी रडते. हे दमल्यामुळे असेल का?

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, मन हळवं होणं खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही ते चालू राहिलं, झोपायला वेळ मिळूनही झोप लागत नसेल, बाळाबद्दल काही वाटतच नाही असं ती म्हणत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे १३ टक्के जणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. हा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. 'आम्हाला नाही असं काही झालं' हे वाक्य कृपा करून बोलू नका. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं तिच्या बोलण्यात आलं तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सासूबाई बाळाला प्रेमाने सांभाळतात, पण त्यांच्या पद्धती जुन्या आहेत. कसं सांगावं?

आधी स्वतःशी दोन याद्या करा: जिवाशी संबंध असलेल्या गोष्टी आणि नुसत्या आवडीच्या गोष्टी. पहिली यादी छोटी असते आणि तिच्यात तडजोड नाही. बाळाला पाठीवरच झोपवायचं, आजूबाजूला उशा किंवा मऊ पांघरुणं नकोत. वर्षाच्या आत मध नाही, चाटवायलाही नाही, कारण त्यातल्या जीवाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणीही नाही. यातले काही सल्ले त्यांच्या वेळी वेगळे होते. बाळाला पोटावर झोपवा असं तेव्हा डॉक्टरच सांगत; अचानक होणाऱ्या अर्भक-मृत्यूंशी त्याचा संबंध लक्षात आल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अनेक देशांत तो सल्ला बदलला. तेव्हा 'तुम्ही चुकत होता' असं म्हणायची गरजच नाही. वैद्यकशास्त्रच पुढे गेलं.

सर्वांत चांगलं म्हणजे बाळाच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच सोबत न्या. प्रश्न त्यांना विचारू द्या. सुनेच्या तोंडून जे टोमण्यासारखं लागतं, ते डॉक्टरांच्या तोंडून माहिती म्हणून ऐकलं जातं.

दुसरी यादी, म्हणजे टोपडं घालावं का, अंगाई कोणती, दुपारी किती वाजता झोपवावं, ती सोडून द्या. जो दिवसभर सांभाळतो त्याला तेवढी मोकळीक हवीच. आणि बोलायचं कोणी? ज्याची आई, त्याने. नवऱ्याने स्वतःच्या आईशी बोलावं, बायकोने स्वतःच्या आईशी. हा नियम पाळला गेला तर सासू-सुनेतली कितीतरी धुसफूस सुरूच होणार नाही.

आजी-आजोबा नाही म्हणत नाहीत. पण त्यांच्यावर जास्त भार पडतोय का?

बहुतेक वेळा पडतोय. ते बोलत नाहीत, कारण मुलांची अडचण त्यांना दिसते आणि नातवंडांचा लळाही असतो. पळणाऱ्या दोन वर्षांच्या मुलामागे दिवसभर राहणं साठी-सत्तरीत सोपं नाही. गुडघे, पाठ, रक्तदाब, दुपारची झोप, त्यांच्या मित्र-मैत्रिणी, त्यांचं वाचन आणि फिरणं हे सगळं त्यात जातं.

म्हणून विचारा, आणि विचारताना 'नाही' म्हणायची जागा ठेवा. 'तुम्हाला झेपेल ना?' यावर 'हो' हेच उत्तर येतं. 'आठवड्यातले कोणते दिवस तुम्हाला स्वतःसाठी हवेत?' असं विचारलं की खरं बोलणं सुरू होतं. ते दिवस पक्के ठेवा. त्यांच्या दवाखान्याच्या तारखा मुलाच्या तारखांइतक्याच महत्त्वाच्या धरा. काही तास पाळणाघर आणि उरलेले तास आजी-आजोबा ही विभागणी अनेक घरांत दोघांनाही मानवते. ते आजारी पडले तर त्या दिवशी मूल कोणाकडे, हे आधी ठरलेलं असू द्या, नाहीतर ते ताप लपवून मूल सांभाळतात.

पण मूल आईनेच सांभाळायला हवं ना? तेच नैसर्गिक नाही का?

मानवाचा इतिहास उलटं सांगतो. मानववंशशास्त्रज्ञ सारा ब्लॅफर हर्डी यांचं म्हणणं असं, की माणसाचं मूल इतका काळ परावलंबी असतं की एकट्या आईला ते वाढवणं परवडलंच नसतं. आपण आधीपासून मिळून मुलं वाढवणारे आहोत. टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजात क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांना दिसलं, की आई नव्या बाळात गुंतलेली असताना आधीच्या मुलाचं वजन आजी किती कंदमुळं खणून आणते यावर अवलंबून असतं. त्या आयाही बिनकामाच्या नव्हत्या. एरवी अन्न गोळा करायला त्याही जात होत्या.

आई नोकरी करते म्हणून मुलांचं नुकसान होतं का?

हा प्रश्न आयांना इतका छळतो की नीट उत्तर द्यायला हवं. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात हजाराहून जास्त मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. मूल कोणाकडे राहतं यापेक्षा घरचं वातावरण, आईची मुलाशी वागणूक आणि कुटुंबाची परिस्थिती यांचा मुलांच्या वाढीशी जास्त घट्ट संबंध दिसला. बाहेर सांभाळण्याचा दर्जा महत्त्वाचा होता, तोही जाणवण्याइतका. म्हणजे पाळणाघर निवडताना चिकित्सा करा, पण नोकरी केली म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या कॅथलीन मॅकगिन आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतली माहिती तपासली. नोकरी करणाऱ्या आईच्या मुली मोठेपणी स्वतः नोकरीत असण्याची शक्यता जास्त आढळली, आणि अशा आईचे मुलगे मोठेपणी घरातल्यांची काळजी घेण्यात जास्त वेळ देताना दिसले. मला यातलं दुसरं निरीक्षण फार मोलाचं वाटतं.

'तुझा पगार पाळणाघरातच जातो, सोड नोकरी,' असं घरचे म्हणतात. हिशेब तर बरोबर आहे ना?

तो हिशेबच चुकीच्या जागी मांडलाय. मूल दोघांचं असेल, तर त्याला सांभाळण्याचा खर्चही दोघांच्या मिळून पगारातून वजा व्हायला हवा. तो एकट्या आईच्या पगारातून वजा करायचा आणि मग 'उरतं काय' असं विचारायचं, यात आई नोकरीवर जाते हीच जणू घराची चैन ठरते.

दुसरी चूक काळाची. पाळणाघराचा मोठा खर्च काही वर्षांचा असतो, नोकरीतला खंड मात्र फार लांब पोहोचतो: थांबलेली बढती, कमी झालेली निवृत्तीची पुंजी, परत येताना खालच्या पायरीवरून सुरुवात. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या कामातून दिसलेली एक ठळक गोष्ट म्हणजे आजच्या श्रीमंत देशांत स्त्री-पुरुषांच्या कमाईतल्या दरीचा मोठा भाग पहिल्या मुलाच्या जन्मानंतर तयार होतो.

तिला स्वतःला थांबावंसं वाटत असेल, तर तो निर्णय आदराचाच आहे. मात्र मग तिच्या नावावरची बचत, निवृत्तीची तरतूद आणि परत नोकरीवर कधी जायचं याची चर्चा त्याच बैठकीत व्हावी.

मूल अचानक आजारी पडलं तर सुट्टी कोणी घ्यायची?

आळीपाळीने. आणि हे ताप चढल्यावर ठरवायचं नाही, महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवायचं. शाळेच्या अर्जावर संपर्कासाठी वडिलांचा नंबर पहिला लिहा. नाहीतर प्रत्येक फोन सवयीने आईलाच येतो.

वडिलांनी बाळासाठी रजा घेतल्याने काय साधतं?

एकट्याने बाळ सांभाळण्याचा सराव साधतो, आणि तो दुसऱ्या कशाने येत नाही. आई घरात असेपर्यंत रडणारं बाळ अखेर तिच्याकडेच दिलं जातं. ती कामावर गेलेली असते तेव्हा वडील भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं वेगळं ओळखायला शिकतात.

स्वीडनने १९७४ मध्ये फक्त आईसाठी असलेली रजा दोन्ही पालकांसाठी खुली केली, तरी बराच काळ ती आयाच घेत राहिल्या. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले: त्यांनी घेतले नाहीत तर ते वाया जाणार. आधी अगदी थोडे वडील रजा घेत, नंतर काही वर्षांतच बहुसंख्य घेऊ लागले. स्वीडनमध्येही आता एकूण ४८० दिवसांपैकी प्रत्येक पालकाचे ९० दिवस दुसऱ्याला देता येत नाहीत. तुमच्या कामाच्या ठिकाणी वडिलांसाठी चार दिवसांचीच रजा असेल, तर तेवढी तरी पूर्ण घ्या. शक्य असल्यास आई कामावर परतते त्या आठवड्यात घ्या.

आईलाच दुसऱ्याचं काम पसंत पडत नाही. तेव्हा?

असंही होतं. ॲलन आणि हॉकिन्स या अभ्यासकांनी १९९९ मध्ये याचा अभ्यास केला होता: आई कामाची मानकं स्वतः ठरवते, दुसऱ्याने केलेलं पुन्हा करते, आणि हळूहळू दुसरा हात आखडता घेतो. यामागे तिचा हट्टच असतो असं नाही. घर अस्ताव्यस्त दिसलं तर पाहुणे तिलाच बोल लावतात, हे तिने पाहिलेलं असतं. म्हणून उपायही दोन्हीकडून हवा. तिने घड्या तिरक्या पडल्या तरी त्या कपाटात तशाच जाऊ द्याव्यात. आणि घरच्यांनी, कोणी तिला बोललंच तर, 'कपड्यांचं मी बघतो' असं चारचौघांत सांगावं.

मोठी मुलं घरात आहेत. त्यांना कामाला लावावं का?

हो, मुलगा-मुलगी असा भेद न करता. मुलीकडे भांडी आणि मुलाकडे फक्त बाहेरून सामान आणणं, अशी वाटणी करू नका. मात्र धाकट्या भावंडाची पूर्ण जबाबदारी दहा-बारा वर्षांच्या मुलीवर टाकणं म्हणजे आईचं ओझं तिच्या खांद्यावर देणं. तेवढं टाळा.

घरून काम करणाऱ्या आईला वेगळ्या मदतीची काय गरज?

तिला दार बंद करायची परवानगी हवी. ती घरात दिसते म्हणून प्रत्येक जण तिला हाक मारतो. दार बंद असताना ती ऑफिसात आहे असं सगळ्यांनी धरावं, पाहुण्यांनीही.

मी एकटीच आहे, घरात दुसरं कोणी नाही. हे सगळं मला कसं लागू होणार?

तुमच्या बाबतीत कुटुंब म्हणजे भावंडं, मावशी-काका, जुनी मैत्रीण, शेजारी. लांब राहणारी माणसंही एखादा विषय घेऊ शकतात. बिलं आणि विम्याची कागदपत्रं भाऊ दुसऱ्या गावातून पाहू शकतो. बहीण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलाचा अभ्यास घेऊ शकते, तेवढ्या वेळात तुम्ही आवराआवर करता. अचानक गरज लागली तर पोहोचू शकतील अशी जवळची दोन माणसं मात्र नक्की करा. त्यांची नावं शाळेत नोंदवा, त्यांच्याकडे घराची किल्ली द्या. मदत मागताना नेमकं मागा: 'कधी जमलं तर ये' यापेक्षा 'मंगळवारी पाच ते सात त्याला सांभाळशील का?' याला लोक पटकन हो म्हणतात.

कामाच्या ठिकाणीही बोला. कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा स्वतंत्र करार आहे. कौटुंबिक जबाबदारी एवढ्या एकाच कारणावरून कोणाला नोकरीवरून काढता येऊ नये, असं तो म्हणतो. तुमचा देश त्या करारात आहे का आणि तिथला कायदा काय सांगतो, हे कामगार संघटनेकडून किंवा वकिलाकडून समजून घ्या.

घरात हा विषय काढायचा कसा? दर वेळी भांडणच होतं.

दमून आलेल्या रात्री काढू नका. सुट्टीच्या सकाळी, पोटात काही गेल्यावर, कागद घेऊन बसा. मागच्या आठवड्यात घरात झालेली प्रत्येक गोष्ट लिहा, आठवण ठेवण्यासकट. 'तू काहीच करत नाहीस' याने समोरचा बचावात जातो. यादी लिहायला मात्र तोही हातभार लावतो, आणि बऱ्याचदा ती किती लांब झाली ते पाहून त्यालाच नवल वाटतं. मग प्रत्येकाने दोन-तीन विषय उचला. महिनाभर एकमेकांच्या विषयात बोलायचं नाही. महिन्याने पुन्हा बसा, जे जमलं नाही ते अदलाबदल करा.

त्याने यादी पाहून उठून जायचं ठरवलं, तर घरातलं ज्याचं तो ऐकतो अशा माणसाला मध्ये घ्या: त्याचे वडील, थोरली बहीण, जवळचा मित्र. तेही जमलं नाही तर समुपदेशकाकडे जा. तो येत नसेल तर आधी एकटी जा. आणि त्या तासाभरासाठी मूल कोणाकडे ठेवायचं, हे मैत्रिणीला आजच विचारून ठेवा.